छंदाचा व्यवसाय केल्यावर समुद्राची ओढ टिकते का?

लाटवेडा:
नोकरी सोडून किनाऱ्यावर कयाक भाड्याने देण्याचा आणि नवशिक्यांना वल्हवायला शिकवण्याचा व्यवसाय सुरू करावा, असे बरेच दिवस मनात घोळत आहे. भांडवलाची जुळवाजुळव होईल. शंका वेगळीच आहे. ज्या पाण्यात मन रमते त्याच पाण्यावर पोट अवलंबून राहिले, की त्या ओढीचे काय होते? रोजचे काम कसे असते, हेही जाणकारांनी सांगावे.

सुकाणू:
रोजच्या कामाचा मोठा भाग खाऱ्या पाण्याने चालवलेल्या नासधुशीशी झगडण्यात जातो, हे आधीच सांगतो. मदतीच्या होडीचे आउटबोर्ड इंजिन संध्याकाळी गोड्या पाण्याने आतून धुतले नाही, तर थंडाव्याच्या मार्गात मीठ साचून ते तापू लागते. त्याच्या खालच्या भागाला जस्ताचा तुकडा बसवलेला असतो. इंजिनाचे ॲल्युमिनियम गंजू नये म्हणून आधी त्याने झिजावे, अशी ती योजना आहे. तो साधारण अर्धा झिजला की बदलावा आणि त्याला कधीही रंग लावू नये, कारण रंगाखाली तो निरुपयोगी ठरतो. प्लॅस्टिकच्या कयाकना मिठापेक्षा उन्हाचा त्रास अधिक, म्हणून त्या सावलीत ठेवाव्यात. हिशेब, विमा आणि परवाने यांची कटकट कोणत्याही धंद्यात असते.

भांगाची भरती:
वेळापत्रकाबद्दल थोडे लिहितो. दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या किनाऱ्यावर भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे या आठवड्यात सोयीची असलेली सकाळची वेळ पुढच्या आठवड्यात चिखलात जाते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाणाचे पाणी खाडीच्या तोंडाशी जोराने ओढते. नवशिक्यांच्या तुकड्या शक्यतो भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमारास पाण्याचा चढउतार कमी असतो त्या दिवसांत घ्याव्यात. वाऱ्याचे गणित मात्र याहून फसवे असते. जमिनीकडून वाहणाऱ्या मतलई वाऱ्यात किनाऱ्यालगतचे पाणी आरशासारखे सपाट दिसते, पण आडोसा संपताच तोच वारा कयाक खोल समुद्राकडे लोटतो आणि परतताना वल्हे मारणाऱ्याची दमछाक होते. दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात लाटा उठतात, भिजायला होते, तरी तो वारा माणसाला निदान किनाऱ्याकडे आणतो.

लाटवेडा:
म्हणजे पाणी सपाट दिसत असतानाही आलेल्या ग्राहकांना परत पाठवावे लागत असेल. ते ऐकून घेतात का?

भांगाची भरती:
बहुतेकदा नाही, आणि माझ्या मते या धंद्यातले सर्वांत अवघड काम हेच आहे. यावर मी काढलेला उपाय म्हणजे आगाऊ रक्कम घेतानाच फेरी रद्द झाल्यास पैसे परत मिळतील असे लेखी देणे. त्यामुळे वाद पैशांचा राहत नाही आणि मलाही पैशांच्या मोहाने निर्णय बदलावासा वाटत नाही.

सुकाणू:
ओढीबद्दलचे उत्तर राहिलेच. ती टिकते, परंतु ग्राहक बरोबर असताना तिचा उपयोग नसतो. तेव्हा लक्ष सगळे डोकी मोजण्यात आणि लाइफ जॅकेटचे पट्टे तपासण्यात असते. वाळूचा दांडा कुठे सरकला, प्रवाह कुठून वळला, हे पाहण्यासाठी पहिली तुकडी येण्यापूर्वी मी एकटाच एक फेरी मारतो. खरे तर ती पाहणीच आहे, पण घरचे त्याला काम मानायला तयार नाहीत आणि मीही फारसा वाद घालत नाही.