लवकर उठवणं वेगळं, जास्त उठवणं वेगळं

आयसीयूतल्या पेशंटला जितकं लवकर आणि जितकं जास्त हलवाल तितकं बरं, असं म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटलं. 2009 च्या 104 रुग्णांच्या चाचणीत व्हेंटिलेटरवर असतानाच व्यायाम सुरू केलेल्यांपैकी 59 टक्के डिस्चार्जच्या वेळी स्वतःचं स्वतः करत होते, बाकीच्यांपैकी 35 टक्के. पण 2022 च्या 'टीम' चाचणीत, 750 रुग्णांत, नेहमीपेक्षा जास्त हालचालीने 180 दिवसांत काहीच फायदा दिसला नाही. उलट बीपी खालीवर होणं, ठोके बिघडणं वाढलं. (तिथे दुसऱ्या गटालाही थोडंफार हलवत होतेच म्हणा.)

आईला सर्जरीनंतर पलंगाच्या कडेला नुसते पाय सोडून बसवलं, तर मॉनिटर किंचाळायला लागला. फिजिओने निमूट आडवं केलं आणि संध्याकाळी पुन्हा बसवलं, फक्त दोन मिनिटं.