कोविडमध्ये वय उलटून गेलेल्या शाळकरी क्रिकेटपटूंना एक वर्ष वाढवून द्यायला हवं होतं का?

जुना_स्कोअरर (धागाकर्ता)

मुंबईतल्या एका शाळेच्या क्रिकेट क्लबचं स्कोअरबुक मी गेली अकरा वर्षं लिहितोय. मुलगा संघात होता तेव्हा बाकीचे पालक चहाला जायचे आणि मी वही घेऊन बसायचो. मुलगा शाळेतून बाहेर पडला, वही माझ्याकडेच राहिली. परवा कपाट आवरताना ती उघडली. मार्च २०२० मधला एक अर्धवट सराव सामना, आणि पान उलटलं की थेट २०२२. मध्ये एकही कोरं पान नाही. दोन हंगाम गेले आणि वहीला त्याचा पत्ताच नाही.

ज्यांना मुंबईच्या शालेय क्रिकेटची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गाइल्स शिल्ड चौदा वर्षांखालची, हॅरिस शिल्ड सोळा वर्षांखालची. हॅरिसमध्ये धावा केल्या की नाव कानावर जातं, मग मुंबईच्या सोळाखालच्या संघाच्या ट्रायल्स, तिथून विजय मर्चंट ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या सोळाखालच्या संघांची स्पर्धा. पृथ्वी शॉच्या ५४६ धावा (२०१३) हॅरिसमधल्याच. आमच्या संघातले सात जण २०२०-२१ मध्ये सोळाखालच्या शेवटच्या वर्षात होते. त्या मोसमात शाळाच बंद होत्या, हॅरिस कुठून होणार? विजय मर्चंटही झाली नाही. पुढच्या वर्षी ती जानेवारी २०२२ मध्ये होणार होती, तर तिसरी लाट आली आणि पुढे ढकलली गेली. तोपर्यंत हे सातही जण वयाने बाद झाले होते. सातातला एकही आज सीझन बॉलने (चामड्याच्या चेंडूने) खेळत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की या मुलांना सोळाखालच्या गटात एक वर्ष वाढवून द्यायला हवं होतं. टोकियो ऑलिम्पिक वर्षभर पुढे गेलं तेव्हा पुरुषांच्या फुटबॉलची २३ वर्षांची मर्यादा २४ केलीच ना? आपल्या राज्य सरकारने २०२३ मध्ये सरळसेवा भरतीत वयोमर्यादा दोन वर्षं शिथिल केली. रणजी ट्रॉफी १९३४-३५ पासून पहिल्यांदाच २०२०-२१ मध्ये झाली नाही, तर बीसीसीआयने खेळाडूंना बुडालेल्या सामन्यांच्या मानधनाच्या ५० टक्के रक्कम भरपाई दिली. म्हणजे थोरांचं नुकसान दिसलं. पोरांचं?

---

आडवी_बॅट

भावना पोचल्या, पण गणित चुकतंय. संघात जागा पंधरा. सोळा पूर्ण झालेल्यांना आणखी एक वर्ष बसवलंत की जे त्या वर्षी नव्याने पंधराचे झाले त्यांना बाहेर काढावं लागतं. त्यांचीही दोन वर्षं गेलीच होती की! उलट त्यांची गाइल्सची वर्षं गेली. तुमच्या सातांना न्याय देताना दुसऱ्या सातांवर अन्याय, आणि त्यांची आठवण काढायला कुणाच्या वहीत अर्धवट सामनाही नाही.

सरकारी भरतीचं उदाहरण इथे चालत नाही. तिथे तिशीतला उमेदवार अठ्ठाविशीतल्याच्या बरगडीवर चेंडू टाकत नाही. सतरा वर्षांचा वेगवान गोलंदाज आणि साडेचौदाचा सलामीवीर यांच्यात फरक किती असतो ते तुम्ही बाउंड्रीवरून बघितलंच असेल.

---

तिसरी_स्लिप

+१. शिवाय बीसीसीआय सोळाखालच्यांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय ठरवतं. हाडांना कोविडची सुट्टी कोण देणार? 😀

---

वसईची_आई

मुलगा याच बॅचचा, म्हणून लिहिते. धागाकर्त्यांचा मुद्दा पटतो, पण वर्ष वाढवून दिलं असतं तरी आम्ही मैदानावर पोचणार कसे होतो?

पहाटे साडेपाचची गाडी, खांद्यावर किट बॅग आणि "ए, बॅग वर टाक" म्हणून ओरडणारे काका. वसई-विरारपासून कल्याण-बदलापूरपर्यंतची मुलं अशीच आझाद मैदान, क्रॉस मैदान गाठतात. शार्दुल ठाकूर पालघरहून यायचा. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली ती सर्वांसाठी खुली झाली १ फेब्रुवारी २०२१ ला, तीसुद्धा सकाळी सातच्या आत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. एप्रिलमध्ये पुन्हा बंद. मग १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस झालेल्यांना पास. माझे दोन डोस झाले होते. मुलगा सोळाचा, त्याला लस मिळायला अजून साडेचार महिने होते. म्हणजे मी नेट्सला जाऊ शकत होते, तो नाही. खिडकीवर पास काढताना मला हसू आलं होतं, घरी येऊन रडले.

दादर-माटुंग्याची मुलं सायकलवरून शिवाजी पार्कला जात होती. एक वर्ष वाढवलं असतं तर त्याचा फायदाही त्यांनाच झाला असता.

---

जुना_स्कोअरर

ताई, हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. आमचे सातही जण शाळेपासून चालत अंतरावरचे.

---

रेडिंगकर

इंग्लंडमधून लिहितोय. इथे क्लब क्रिकेट ११ जुलै २०२० ला सुरू झालं. दर सहा षटकांनी थांबून हातांना आणि चेंडूला सॅनिटायझर, घाम-थुंकी चेंडूला लावायची नाही, कपडे घरूनच घालून यायचं, चहाला फाटा. माझ्या दहा वर्षांच्या मुलीने त्या उन्हाळ्यात नऊ सामने खेळले. मैदान उघडं, दोन खेळाडूंत पंधरा-वीस यार्डांचं अंतर, क्रिकेटइतका "सुरक्षित" खेळ कुठला? मुंबईत सरसकट सगळं बंद ठेवलं हीच मूळ चूक. आधी नुकसान करायचं आणि मग सवलतीची चर्चा करत बसायचं.

---

रात्रपाळी

रेडिंगकर, मी त्या काळात मुंबईत निवासी डॉक्टर होते. बीकेसीच्या ज्या मैदानावर प्रदर्शनं भरायची तिथे मे २०२० मध्ये खाटा टाकल्या होत्या. महापालिकेने विलगीकरणासाठी वानखेडे स्टेडियमसुद्धा मागितलं होतं, आठवतंय का कुणाला? एप्रिल २०२१ मध्ये राज्यात दिवसाला ६०,००० च्या वर रुग्ण सापडत होते.

मैदानावर पंधरा यार्डांचं अंतर असतं हो. पण मूल मैदानावर राहत नाही. ते परत जातं दहा बाय बाराच्या खोलीत, आजी-आजोबांच्या शेजारी झोपायला. तुमच्याकडे मुलगी गाडीच्या मागच्या सीटवर बसून सामन्याला गेली असेल, इथे पोरं शेअर रिक्षात चौथ्या सीटवर बसतात. सामने बंद ठेवले ते बरोबरच होतं, त्याबद्दल मी माफी वगैरे मागणार नाही.

सवलतीबद्दल मात्र मला मत नाही. द्यायची तर द्यायची होती, त्याने कुणी मेलं नसतं.

---

रेडिंगकर

गाडीचा टोमणा मान्य. 🙂 तरी एक सांगा. १० ते २५ एप्रिल २०२१ या काळात वानखेडेवर आयपीएलचे दहा सामने झाले. त्याच पंधरवड्यात राज्यात निर्बंध लागले आणि मुलांची मैदानं कुलूपबंद झाली. एकाच शहरात, एकाच विषाणूत?

---

रात्रपाळी

ते मला तेव्हाही पटलं नव्हतं. रात्री वॉर्डात एका रुग्णाच्या मोबाइलवर मॅच चालू असायची. आवाज बंद करा म्हणायची हिंमत झाली नाही.

---

कोल्हापुरी_यॉर्कर

तुम्हा मुंबईवाल्यांचं बरं आहे, हंगाम बुडाला म्हणून धागा काढता. आमच्याकडं तालुक्याच्या शाळेत हंगाम म्हणजे जिल्हा स्पर्धेचे दोन सामने, हरला की घरी. टर्फ विकेट आम्ही टीव्हीवर बघितली. लॉकडाऊनमध्ये पोरांनी उसाच्या फडाशेजारी टेनिस बॉलचं इतकं क्रिकेट खेळलं की कधी नव्हं ते. आमचा हंगाम बुडालाच नाही, कारण तो कधी नव्हताच.

---

गुड_लेंग्थ

शालेय संघाला वीस वर्षं कोचिंग करतोय म्हणून जरा लांबण लावतो.

वयाच्या वादात खरं नुकसान बाजूला राहतंय. पंधरा-सोळाचा मुलगा तयार झालेला असतो, त्याला फक्त संधी हवी असते. बारा-तेराच्या पोराचं दीड वर्ष गेलं की काय होतं ते मी बघितलं. एक लेगस्पिनर होता. मार्च २०२० मध्ये पाच नंबरची बॅट आणि माझ्या छातीइतकी उंची. चेंडू असा काही वर लटकायचा की मोठी मुलंही चकायची. परत आला तेव्हा माझ्याहून उंच, ओठावर मिसरूड. चेंडू सोडायची जागा बदललेली, हात लांब, सगळे चेंडू आखूड. त्याला स्वतःचा हात ओळखू येईना. वाढीच्या वयात रोज टाकत राहिला असता तर शरीराबरोबर गोलंदाजीही वाढली असती. ते झूमवर होत नाही. आम्ही करायचो ना झूमवर: आरशासमोर शॅडो बॅटिंग, मोज्यात चेंडू घालून पंख्याला टांगायचा. खालच्या मजल्याच्या तक्रारी आल्या की तेही बंद.

दुसरं, परतल्यावर सगळ्यांना घाई. पालकांना घाई, शाळेला घाई. अठरा महिने हात न हलवलेला पोरगा दोन आठवड्यांत नेट्समध्ये रोज आठ-दहा षटकं पूर्ण जोरात टाकायला लागला. माझ्या ओळखीतल्या तिघा वेगवान गोलंदाजांच्या पाठीत स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. वर्ष वाढवून दिलं असतं तर ही घाई कमी झाली असती, असं कुणी म्हणू शकेल. मला वाटतं वाढलीच असती, "हे शेवटचं वर्ष" म्हणून.

तिसरं कुणी बोलत नाही. कंत्राटी कोच आणि माळी. एका शाळेने मला एप्रिल २०२० पासून मानधन दिलं नाही, "शाळाच बंद आहे, सर." आमचा माळी भाजीची गाडी लावायचा. दोन पावसाळे खेळपट्टीवर रोलर फिरला नाही, मॅटिंग उंदरांनी कुरतडलं. २०२२ मध्ये पहिला सामना खेळलो तेव्हा चेंडू एकदा गुडघ्याला आणि एकदा हनुवटीला.

तेव्हा माझं मत: वर्ष नको होतं, सामने हवे होते. शाळा उघडल्याबरोबर प्रत्येक मुलाला वयाची अट न लावता दहा-बारा सामने. निवड समिती नको, शिल्ड नको. आझाद मैदानावर बावीस खेळपट्ट्या आहेत, जागा नव्हती असं म्हणू नका.

---

तिसरी_स्लिप

सरांशी सहमत. (अवांतर: हॅरिसचा विषय निघूनही सचिन-कांबळीची ६६४ ची भागीदारी अजून कुणी काढली नाही, हा विक्रमच.)

---

आडवी_बॅट

काढलीत की तुम्हीच. 😀

गंभीरपणे: सूर्यकुमार भारताकडून पहिल्यांदा खेळला मार्च २०२१ मध्ये, तिशी ओलांडल्यावर. ज्याच्यात आहे तो येतोच.

---

वसईची_आई

"ज्याच्यात आहे तो येतोच" हे वाक्य जे आले त्यांच्याकडे बघूनच म्हणता येतं. सतराखालच्या मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाचं आठवा. २०२० ला भारतात होणार होता, पुढे ढकलला, मग रद्द केला. २०२२ ला झाला, मडगाव आणि नवी मुंबईतही सामने झाले, पण तोवर २०२० साठी तयारी केलेल्या मुली वयात बसत नव्हत्या. घरच्या मैदानावरचा विश्वचषक त्यांनी बाहेरून बघितला. त्यांच्यात काही नव्हतं का?

---

आडवी_बॅट

ताई, हे बिनतोड आहे. शब्द मागे घेतो. मुद्दा मात्र मागे घेत नाही: स्पर्धा एकदाच होणार असेल (ऑलिम्पिक, विश्वचषक) तर वय शिथिल करा, कारण तिथे मागची रांग अडत नाही. दरवर्षीच्या स्पर्धेत अडते.

आणि धागाकर्त्यांना एक साधा प्रश्न. हॅरिस ही आंतरशालेय स्पर्धा. तुमचे सात जण २०२१ मध्ये दहावी होऊन शाळेबाहेर पडले. वर्ष वाढवलं असतं तर ते खेळणार कोणत्या शाळेकडून?

---

जुना_स्कोअरर

याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे. आमच्या शाळेला जोडून ज्युनियर कॉलेज आहे, तिथे चौघं गेले. तिघं बाहेर. म्हणजे माझ्याच नियमाने चौघांना मिळालं असतं, तिघांना नाही. हे लिहिताना मलाच कसंतरी वाटतंय.

गुड_लेंग्थ सरांची सामन्यांची कल्पना माझ्यापेक्षा चांगली आहे. फक्त एक. त्या सातांतला आमचा डावखुरा परवा भेटला, एका कुरिअर कंपनीत लागलाय. मी म्हटलं, मॅच खेळलास आणि सिलेक्टरने बघितलंच नाही तर काय उपयोग? म्हणाला, "काका, कुणी बघायला नको होतं. आउट व्हायचं राहून गेलं."

---

कोल्हापुरी_यॉर्कर

म्हणजे तो अर्धवट सामना?

---

जुना_स्कोअरर

होय. तोच नॉटआउट होता. दुपारी शाळेतून फोन आला, सगळे घरी. ८७ वर ४, एकविसावं षटक, तीन चेंडू झालेले. चौथ्या चेंडूच्या जागी मी टिंब काढून ठेवलं होतं, आता टाकेलच म्हणून. ते खोडायचं राहिलंय.