मान खाली घातली की कंबरेत कळ. मानेचा एमआरआय काढू का कंबरेचा?

बागायतदार_तासगाव: मान खाली घातली की कंबरेत सणकन कळ येते. मान अजिबात दुखत नाही. गोळ्या झाल्या, पट्टा झाला, उतार नाही. एक म्हणतो मानेचा एमआरआय काढ, दुसरा म्हणतो कंबरेचा. दोन्हीला पैसे घालायचे नाहीत. उद्या मिरजेला चाललोय, लवकर सांगा.

कृष्णाकाठ: किती दिवस झाले? कुठली बाजू? पायात उतरते का? शिंकलं की वाढते का? ताप? कळ आहे की करंट बसल्यासारखं होतंय? लघवी मोकळी होते ना?

बागायतदार_तासगाव: डावी बाजू. ताप नाही. बाकी काही विशेष नाही.

कंदी_पेढा: स्पॉन्डिलोसिस आहे, म्हणजे मानेच्या मणक्यांची झीज. उशी पातळ करा, कॉलर लावा, मोबाईल डोळ्यांसमोर धरा.

कृष्णाकाठ: पेढेवाले, मान दुखत नाही असं दुसऱ्याच वाक्यात लिहिलंय त्यांनी. मज्जारज्जूभोवतीचं आवरण कवटीपासून माकडहाडापर्यंत सलग असतं. हनुवटी छातीला लावली की ते सगळं वरून ताणलं जातं. विहिरीचा दोर काठाच्या खाचेत अडकला तर ओढतो आपण वरून, पण घासतो तो खाचेतच. कंबरेच्या मणक्यांमधल्या गादीनं शीर (नस) दाबली असेल तर मान वाकवल्यावर दुखणार कंबरच.

दादा, घरीच बघा. स्टुलावर बसून पाठीला पोक काढा, हनुवटी छातीला लावा. मग डावा गुडघा सरळ करत पंजा आपल्याकडे ओढा. कळ आली की पाय तसाच ठेवून फक्त मान वर करा. कळ लगेच कमी झाली तर ताण शिरेचा. काही फरक पडला नाही तर स्नायू किंवा सांध्याचं दुखणं जास्त संभवतं. जोर लावू नका, दुखलं की थांबा.

पाव्हणं_विट्याचं: उसण भरली असंल. हाडवैद्याकडं जा, मान एक हिसका दिली की मोकळी.

कृष्णाकाठ: हिसका द्यायला सांगू नका हो, गादी सरकलेली असली तर? उसण वळताना, उठताना धरते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत सुटते. नुसती मान खाली घातली म्हणून सहसा कळ येत नाही तिच्यात.

फलटण_एक्स्प्रेस: बी१२ कमी असणार. इंजेक्शनं सुरू करा.

औषधपेटी: आधी रक्त द्या, मग इंजेक्शन. उलटं केलं तर रिपोर्टमध्ये आकडा चढलेला दिसतो आणि खरं काय ते कळत नाही. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर तपासणी जरूर करा. पण बी१२चं लक्षण वेगळं. त्यात मान वाकवताच पाठीतून हातापायांत करंट धावू शकतो. तसं असेल तर मानेचा एमआरआय. कळ कंबर, कुल्ला, पोटरी अशी उतरत असेल तर कंबरेचा. एक्स-रेत गादी दिसत नाही, त्यावर समाधान मानू नका.

बागायतदार_तासगाव: करंट नाही. पोटरीपर्यंत जाते. स्टुलावर केलं, मान वर केल्यावर कमी झाली. द्राक्षाच्या छाटणीपासून आहे, पाठीवरच्या पंपानं फवारतोय.

कृष्णाकाठ: हे पहिल्यांदाच सांगायचं की! पोटरीत जाते आणि म्हणे विशेष नाही.

पाव्हणं_विट्याचं: बॅटरीवरचा पंप घ्या, हापसायला लागत नाही.

फलटण_एक्स्प्रेस: वजन कुठं कमी होतंय? १६ लिटर पाणी आणि पंप मिळून २० किलोच्या आसपास, वर बॅटरी. मांडवाखाली वाकून तेवढं घेऊन फिरायचं. ट्रॅक्टरवरचा फवारणीचा ब्लोअर लावा.

पाव्हणं_विट्याचं: दीड एकराला ब्लोअर? पैसे तुम्ही देताय का?

औषधपेटी: पंपाचा धागा वेगळा काढा. दादा, आधी टाचांवर दहा पावलं चाला, मग चवड्यांवर दहा. अंगठा वर उचलून बघा, दोन्ही पायांची तुलना करा. सगळं सारखं असेल तर शीर मोकळी करायचा व्यायाम करता येतो. बसून गुडघा सरळ करताना वर बघायचं, वाकवताना खाली. दहा वेळा, दिवसातून दोनदा. मान खाली आणि गुडघा सरळ अशी दोन्ही टोकं एकदम ताणायची नाहीत, तिथंच लोक चुकतात. अर्ध्या तासानंतरही पोटरी ठणकत राहिली तर बंद.

कंदी_पेढा: मिरजेला एसटीनं जाणार असाल तर मागच्या सीटवर बसू नका. चाकाच्या मागं गचके जास्त.

बागायतदार_तासगाव: टाचेवर चालताना डावा चवडा खाली पडतोय. अंगठा निम्माच उचलतो. म्हणजे कंबरेचा काढू ना?

औषधपेटी: मग व्यायाम नको. एमआरआय सेंटरला परस्पर जाऊ नका, आधी मणक्याच्या डॉक्टरांना अंगठा दाखवा. ताकद कमी झाली असेल तर महिनाभर गोळ्या खात वाट बघण्यात अर्थ नाही. ते बहुधा कंबरेचाच लिहून देतील.

कृष्णाकाठ: आणि लघवीचं अजून सांगितलं नाहीत. अडतेय का, बसायच्या जागी बधिर वाटतंय का? दोन्हीपैकी एक जरी असेल तर उद्याची वाट बघू नका, आत्ता निघा.