मदत हवी आहे: साताऱ्यातून जे, एच, के बँडमध्ये फोटो निघतील का?

नमस्कार मंडळी, मी साताऱ्यात बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. मृगातला तेजोमेघ निअर इन्फ्रारेडमध्ये (लाल उजेडाच्या लगत पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश; जे, एच, के हे त्यातलेच पट्टे) टिपायचा असा प्रोजेक्ट घेतलाय, कारण साध्या उजेडात धुळीमागं दडलेले तारे त्यात दिसतात, के बँडमध्ये धुळीचा अडथळा मॅग्निट्यूडमध्ये (ताऱ्यांच्या तेजाच्या मापात) मोजला तर साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो, हे वाचल्यापासनं दुसरं काही सुचेना.

जुना डीएसएलआर घेतला, आतला इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर काढून घेतला, पुढं ८५० नॅनोमीटरच्या पलीकडचाच प्रकाश आत सोडणारा लावला आणि फेब्रुवारीत यवतेश्वरला जाऊन फोटो काढले. तारे छान आले. पण नंतर कळलं की सिलिकॉनच्या सेन्सरला ११०० नॅनोमीटरच्या आसपास दिसायचंच बंद होतं, आणि जे बँड सुरूच तिथनं होतो. त्याचा मध्य १.२५ मायक्रॉन, एचचा १.६५, केचा २.२. म्हणजे माझ्या फोटोत यातला एकही बँड नाही!

मधल्या जागा का सोडल्यात ते कळलं, १.४ आणि १.९ मायक्रॉनच्या आसपास हवेतलं बाष्प प्रकाश गिळतं म्हणून बँड त्या मधल्या खिडक्यांत बसवलेत. लडाखमधल्या हानलेची दुर्बीण ४५०० मीटरवर, कोरड्या हवेत आहे, आपल्याकडं आत्ता जुलैत कासला ढगात हात दिसत नाही. पण हिवाळ्यातल्या कोरड्या रात्री इथून निदान जे बँड तरी जमेल का?

इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा सेन्सर १.७ मायक्रॉनपर्यंत बघतो म्हणे, पण नवा घ्यायची आमची ऐपत नाही. कुणी छोट्या दुर्बिणीला लावलाय का, जुना मिळतो का, थंड किती करावा लागतो?

दुसरी अडचण जास्त छळतीय. टू-मास या सगळ्या आकाशाच्या इन्फ्रारेड पाहणीचा १९९७ ते २००१ चा डेटा उतरवून घेतलाय, त्यात के नाही, केएस आहे. दुर्बिणीची आणि आकाशाची स्वतःची उष्णता कमी यावी म्हणून २.३ मायक्रॉनच्या पुढचा भाग छाटलाय एवढं समजलं. पण माझ्याकडं एका जुन्या पेपरातले के बँडचे आकडे आहेत, ते केएसशी थेट ताडून बघितले तर चालतील का आधी रूपांतर करावं लागेल? धुळीतल्या लाल ताऱ्यांना फरक जास्त पडत असेल ना?

सर म्हणतात स्वतःचं निरीक्षण पाहिजेच. तर माझे ८५० चे फोटो आणि टू-मासचा जे बँड शेजारी ठेवून कुठला तारा कशात उजळतो एवढं दाखवलं तर प्रोजेक्ट म्हणून ते धरलं जाईल का? कुणी केलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, फोटो लगेच टाकतो.