डेम्पस्टरवर शिकारीला जाताना गाडीची काय तयारी करता? अनुभव लिहा

कॅनडातल्या युकॉनमधला डेम्पस्टर हायवे डॉसन सिटीजवळ सुरू होतो आणि सुमारे 740 किलोमीटर खडीवरून इनुविकला जातो. ईगल प्लेन्स येईपर्यंत 369 किलोमीटर पेट्रोल पंप नाही, मोबाईलला रेंज नाही. सप्टेंबरात मूस किंवा कॅरिबू या उत्तरेकडच्या हरणांच्या शिकारीसाठी तिकडे (किंवा अलास्कात डाल्टन हायवेवर) जाऊन आलेल्यांनी गाडीबद्दल लिहा. बंदुकांची चर्चा नंतर करू. माझं ठाम मत असं, की गाडी रिकामी जातानाची नाही, मांस घेऊन परततानाची तयार करायची असते.

व्हाइटहॉर्सहून:
आधी टायर. इथली खडी म्हणजे गोल गोटे नव्हेत, शेल नावाच्या खडकाचे चपटे, धारदार तुकडे असतात. शहरातल्या गाडीचे पातळ टायर बाजूने चिरतात आणि बाजूला गेलेली चीर पंक्चरच्या दोरीने बुजत नाही. दहा प्लायचे (म्हणजे जाड, मजबूत) एलटी, म्हणजे लाइट ट्रकचे टायर घ्या, स्टेपन्या दोन आणि दोन्ही पूर्ण मापाच्या. ट्रकच्या पोटाखाली टांगलेली स्टेपनी घरीच एकदा खाली उतरवून बघा. रस्त्यावरच्या मिठाने तिची चरखी गंजून बसते आणि ते चिखलात, पावसात कळलं तर हाल होतात. जॅकखाली ठेवायला जाड फळी हवीच. पाऊस पडला की रस्ता लोण्यासारखा होतो, नुसता जॅक खाली रुततो. खडबडीत रस्त्याने नट ढिले होतात, म्हणून पेट्रोल भरताना चाकांवर पाना फिरवून घ्या.

एडमंटनहून:
धागाकर्त्यांशी शंभर टक्के सहमत. मी आल्बर्टाचा. युकॉनमध्ये बाहेरच्या माणसाला मोठ्या जनावरासाठी सोबत गाइड लागतो. व्हाइटहॉर्सच्या मित्राने माझ्यासाठी स्पेशल गाइडचा परवाना काढला, म्हणून जाता आलं.

आम्ही निघण्याआधी कागदावर वजनाचा हिशेब मांडला होता. चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर गाडी किती वजन पेलते ते लिहिलेलं असतं. त्यातून दोन माणसं, तंबू, पाणी, स्टेपन्या वजा करा. पेट्रोलचे वीस लिटरचे चार कॅन साठ किलोंच्या आसपास भरतात. मोठ्या नर मूसचं नुसतं हाडं काढलेलं मांसच दोनशे किलोंच्या पुढे जातं, वर शिंगं. मागचे पाटे बसले की पुढची चाकं हलकी होतात आणि खडीवर स्टिअरिंग ऐकत नाही. जड सामान मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे ठेवा.

दुसरा शत्रू धुरळा. मांसाला हवा लागते, ते प्लास्टिकमध्ये बांधलं तर आंबतं. म्हणून सुती पिशव्यांत ठेवायचं, आणि नेमका त्याच कापडातून धुरळा आत जातो. ट्रकचं मागचं फळकं जिथे मिटतं तिथे बोटभर फट असते. गाडी पळताना मागे पोकळी होते आणि सगळी धूळ त्या फटीतून आत ओढली जाते. आम्ही तिथे रबरी पट्टी चिकटवली आणि कॅनपीची (ट्रकच्या मागच्या हौद्यावरच्या टपाची) पुढची खिडकी किंचित उघडी ठेवली, म्हणजे हवा पुढून आत येते आणि मागच्या फटीतून बाहेर पडते. डॉसनला पिशव्या उघडल्या तेव्हा मांस स्वच्छ होतं. एवढ्या मोठ्या जीवाचं मांस वाया जाऊ नये, ही माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे.

फेअरबँक्सहून:
डाल्टनचं वेगळं आहे. युकॉन नदीच्या उत्तरेला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मैलांपर्यंत बंदुकीने शिकार करता येत नाही, धनुष्य-बाण चालतो. कोल्डफूट ते डेडहॉर्स 240 मैल काहीच मिळत नाही, त्यामुळे कॅन भरलेले हवेत. समोरून तेलक्षेत्राचे मोठे ट्रक येतात. वेग कमी करून उजवीकडे सरका, दगड काचेवर कमी जोरात बसतात. सीबी रेडिओ (गाड्यांमध्ये आपसात बोलायचा रेडिओ) 19 नंबरच्या चॅनलवर ठेवा, ट्रकवाले पुढचा रस्ता सांगतात. हेडलाइट दिवसाही चालू.

इनुविकहून:
पील आणि मॅकेन्झी नद्यांवर फेरी आहे, पूल नाही. बर्फ धरायला लागला की फेरी थांबते आणि बर्फाचा रस्ता तयार होईपर्यंत पलीकडे जाता येत नाही. उशिरा येणाऱ्यांनी जास्तीचं खाणं, गरम झोपपिशव्या आणि ब्लॉक हीटरची (थंडीत इंजिन गरम ठेवणाऱ्या हीटरची) तपासलेली वायर आणावी.

कॅलगरीहून:
व्हाइटहॉर्सच्या दादांच्या यादीत एक भर घालते. चिखलात कॅल्शियम क्लोराइड असतं आणि तो वाळला की सिमेंटसारखा धरतो. ईगल प्लेन्सला थांबाल तेव्हा रेडिएटरची जाळी आणि मागचे दिवे धुऊन घ्या. माझे मिस्टर पुढे जातात तेव्हा सॅटेलाइट मेसेंजरवरून रोज संध्याकाळी गाडी कुठे उभी आहे ते कळवतात. ते यंत्र डॅशबोर्डवर न ठेवता अंगावरच्या जॅकेटच्या खिशात ठेवायचं, असं आमच्या घरात ठरलेलं आहे. गाडीपासून लांब असताना काही झालं, तर डॅशबोर्डवरच्या यंत्राचा काय उपयोग?

एडमंटनच्या दादांना विचारायचं होतं: कॅनपीची खिडकी उघडी ठेवली तर पावसात पिशव्या ओल्या होत नाहीत का?

एडमंटनहून:
ताई, पाऊस लागला की धूळ बसते, तेव्हा खिडकी बंद करायची. आणि पिशव्या तळाला न ठेवता लाकडी जाळीवर ठेवायच्या, खालूनही वारा खेळतो.