सेंटओएस ७ सोडायचंय: आल्मा, डेबियन की उबुंटू?

कुळागर (फोंडा)
नमस्कार मंडळी. वेबसाइट बनवून सांभाळण्याचं छोटं काम आहे माझं. एकाच व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) पंधराएक साइट बसवल्यात: दोन देवस्थानं, एक नाट्यमंडळ, चार-पाच होमस्टे, बाकी दुकानं. बहुतेक सगळं वर्डप्रेस. एका होमस्टेचं बुकिंग मात्र कुणीतरी पीएचपी भाषेत हातानं लिहिलेलं, फार जुनं. सर्व्हर सेंटओएस ७ (लिनक्सचा एक प्रकार), वर सीपॅनेल (साइट, ईमेल सांभाळायचं पॅनेल). सेंटओएसचे अपडेट ३० जून २०२४ ला बंद झाले. पण हलवूया म्हटलं की गिऱ्हाईक म्हणतं, "चलता न्ही, हात कित्याक लायता?" (चालतंय ना, हात कशाला लावतोस?)
आता नवं व्हीपीएस घेतोय, २ जीबी रॅमचं. त्यावर काय टाकू: आल्मा, डेबियन की उबुंटू (तिन्ही लिनक्सच)? धाकटा भाऊ म्हणतो विंडोज सर्व्हर घे, सगळं माऊसनं होतं. जत्रांचा हंगाम लागायच्या आत मोकळं व्हायचंय, तेव्हा देवस्थानांच्या साइटवर झुंबड असते.

बार्देशकर
विंडोज नको. जुनं एएसपी डॉट नेट (मायक्रोसॉफ्टचं वेब तंत्र) चालवायचं असेल तरच त्याचं लायसन्स परवडतं. नवं डॉट नेट लिनक्सवरही चालतं, आणि तुझ्याकडे तर तेही नाही. २ जीबीतली बरीचशी रॅम तो माऊसच खाईल.

तिसवाडीकर
कुळागर बाब, आधी पॅनेलचं ठरवा, ओएस आपोआप ठरेल. सीपॅनेल ठेवणार असाल तर डेबियन बादच, त्यावर ते चालत नाही. उबुंटूच्या काही एलटीएस (लांब मुदतीच्या अपडेटच्या) आवृत्त्यांवर चालतं, पण तुमचा हात रेडहॅटच्या घराण्यावर (सेंटओएस, आल्मा त्यातलेच) बसलाय. आल्मालिनक्स ९ घ्या. सेंटओएस ८ ला २०२१ च्या शेवटी मुदतीआधीच गुंडाळलं, तेव्हा ती जागा भरायला आल्मा आणि रॉकी दोन्ही आले. आल्मा ९ चे सुरक्षा अपडेट २०३२ पर्यंत आहेत. यम (सॉफ्टवेअर बसवायची आज्ञा) लिहायची सवय असेल तर तेही चालतं, आत डीएनएफ धावतो. फक्त रॅम ४ जीबी घ्या, सीपॅनेल जड असतं.

सत्तरीचो
पण पॅनेल हवंच कशाला? २०१९ पासून सीपॅनेल खात्यांच्या संख्येवर पैसे घेतं. पंधरा साइट म्हणजे पंधरा खाती, तेवढ्यात दुसरं व्हीपीएस येईल. डेबियन १३ टाक, एनजिनएक्स (वेब सर्व्हर), पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवायला), मारियाडीबी (डेटाबेस), झालं. २ जीबीत आरामात बसतं. पाच वर्षं अपडेट मिळतात, शेवटची दोन एलटीएसची. उबुंटू २४.०४ ही वाईट नाही, साधारण २०२९ पर्यंत चालेल, आणि अडलास तर नेटवर उत्तरं तिचीच जास्त सापडतात. मला उबुंटूच्या स्नॅपचा (सॉफ्टवेअर बसवायची तिची पद्धत) कंटाळा आहे, म्हणून डेबियन.
खरी डोकेदुखी ते बुकिंग आहे. सेंटओएस ७ ची मूळ पीएचपी ५.४. कोडात मायएसक्यूएल_कनेक्ट (डेटाबेसला जोडणारं जुनं फंक्शन) असेल तर कुठलीही ओएस घे, नव्या पीएचपीवर ते पान पांढरंफटक दिसणार. ती फंक्शनं पीएचपी ७ मध्येच काढून टाकलीत. आधी कोडात तेवढं शोधून बघ.

कुळागर
शोधलं. आहे, सगळीकडे आहे. पॅनेल गिऱ्हाइकं उघडतच नाहीत, ते सोडायला हरकत नव्हती. पण देवस्थान कमिटीचे आणि होमस्टेवाल्यांचे ईमेल त्याच सर्व्हरवर आहेत.

तिसवाडीकर
मग विषय संपला. पोस्टफिक्स, डव्हकॉट (मेल पाठवणारे-ठेवणारे प्रोग्रॅम), डीकेआयएम, रिव्हर्स डीएनएस (मेल खरी असल्याच्या खुणा) हे सगळं एकट्यानं हातानं सांभाळायचं, आणि एक दिवस बुकिंगची मेल पाहुण्याच्या स्पॅममध्ये गेली की फोन तुम्हाला. एक तर ईमेल बाहेर कुठे तरी विकत घ्या, नाहीतर पॅनेल ठेवा.

सत्तरीचो
ईमेल असेल तर मीही आल्माच म्हणेन. बुकिंगचा कोड पीडीओत (डेटाबेसला जोडायची नवी पद्धत) लिहून घे, होमस्टेवाल्याकडून त्याचे पैसे वेगळे माग. क्लाउडलिनक्सवर (होस्टिंगसाठीचं विकतचं लिनक्स) जुनी पीएचपी सुरक्षा दुरुस्त्यांसह मिळते, पण तिथेही लायसन्स आलंच.

कुळागर
ठरलं तर. आल्मा ९, ४ जीबी, सीपॅनेल. जुन्या सर्व्हरवरच अपग्रेड मारण्यापेक्षा नव्यावर खाती उचलून नेतो.

तिसवाडीकर
बरोबर. डब्ल्यूएचएममधलं (सीपॅनेलची सर्व्हर-मालकाची बाजू) ट्रान्सफर टूल वापरा, ईमेलसकट खाती येतात. आदल्या दिवशी डीएनएसचा टीटीएल (जुना पत्ता किती सेकंद लक्षात ठेवायचा तो आकडा) ३०० वर आणून ठेवा. आणि देवस्थानाचं मराठी पान आधी तपासा. जुना डेटाबेस लॅटिन१ मध्ये (देवनागरी नसलेल्या जुन्या अक्षरसंचात) असेल तर देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं किंवा कचरा दिसतो. तसं दिसलं तर नव्या जागी काही सेव्ह करू नका, जुना डेटाबेस तसाच ठेवून इथे टाका, बघूया.