मदत हवी आहे: वाकळ शिवताना बॉबिन एका बाजूला फुगते, वाइंडरही घसरतो

नमस्कार मंडळी,

खानापूर तालुक्यातून लिहिते आहे. घरी जुनं काळं पायमशीन आहे, त्याला मोटर बसवून घेतली आहे. ब्लाउज-परकर थोडे, वाकळा जास्त. दसरा झाला की थंडीची मागणी सुरू होते. शेजारच्या कन्नड काकूंनी यंदा त्यांच्या सासूबाईंची इरकल लुगडी कौदीसाठी (म्हणजे आपली वाकळच) माझ्याकडे दिली आहेत. त्यांना कात्री लावण्याआधी मशीन नीट करून घ्यायचं आहे.

अडचण अशी. वाइंडरवर, म्हणजे मशीनच्या चाकाला रबर टेकवून फिरणाऱ्या भागावर, बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) भरायला लावली की दोरा सारखा बसत नाही. रबराच्या चाकाकडे ढीग होतो, मोकळ्या बाजूला बॉबिनची दांडी दिसत राहते. भरलेली बॉबिन भोवऱ्यासारखी दिसते. पाऊण भरली की वरचे वेढे कडेवरून निसटतात आणि वाइंडरच्या दांडीभोवती गुंततात. अशी बॉबिन केसमध्ये घातली की सुरुवातीला दोन-तीन हात टीप छान येते, मग मध्येच खालचा दोरा आवळतो, पुढे एकदम सैल सुटतो आणि पाठीमागे फासे पडतात.

झंपर असता तर उसवून पुन्हा टीप मारली असती. वाकळीचं तसं नाही. विरलेल्या सुती लुगड्याला पहिल्या टिपेचीच भोकं जड होतात, उसवायला गेलं की त्याच रेषेत कापड फाटत जातं. शिवाय टीप या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात जायला हवी. मध्ये जोड आला की हात फिरवला तरी कळतो. म्हणून बॉबिन कशी भरली आहे यावर माझं सगळं काम अवलंबून आहे.

रबर नवीन घातलं आहे. दोरा बदलून पाहिला, केसमधली पट्टी आणि शटल साफ केलं. वरचा ताण ठीक आहे, कारण चांगली भरलेली बॉबिन असली की दोन्ही बाजूंनी टीप एकसारखी येते. शिवाय दोन तक्रारी आहेत: पावसाळी हवेत नवीन रबरसुद्धा चाकावर घसरतं, आणि बॉबिन भरली तरी वाइंडर आपोआप सुटत नाही. बाजारातल्या एका रिपेरीवाल्याने सगळा वाइंडरच बदला म्हणून सांगितलं. मूळचा वाइंडर चांगला जाड लोखंडाचा आहे, तो काढून टाकायला मन होत नाही. यात नेमकं काय आणि कुठे हलवायचं, हे कुणी सांगेल का?

निपाणीहून प्रतिसाद

ताई, वाइंडर बदलू नका. एका बाजूला ढीग होतो तेव्हा दोष बहुतेक वेळा वाइंडरचा नसतोच. मशीनच्या पाट्यावर, वाइंडरच्या खाली, दोरा ज्यातून जातो ती टेन्शनची लहान चकती बघा. चकतीतून निघालेला दोरा सरळ वर बॉबिनच्या मधोमध यायला हवा. ती चकती जिकडे कललेली, तिकडे ढीग. तिच्या पट्टीला खाली एक स्क्रू असतो. तो डिसमिसने थोडा ढिला करा आणि ढीग होतो त्याच्या उलट बाजूला चकती जराशी सरकवा. तुमच्या बाबतीत मोकळ्या बाजूकडे. नखाएवढा फरकसुद्धा पुष्कळ होतो. स्क्रू आवळा, अर्धी बॉबिन भरून बघा, मग पुन्हा सरकवा. एकदम पुरी भरू नका, दोरा वाया जातो.

चकत्यांच्या मध्ये जुन्या कापडाची लव अडकलेली असते, ती आधी काढा. कापडाची एक पातळ पट्टी मधून ओढली की निघते. तिथे लव असली की चकत्या मिटत नाहीत आणि दोरा सैल भरतो. तुमच्या लुगड्यांच्या कामात ही लव रोजची आहे.

बेळगावहून, वडगाव भागातून प्रतिसाद

आमचं घर मागावरचं. कांडी (मागावरची दोऱ्याची नळी) भरताना एक गोष्ट लहानपणापासून बघत आलोय: आतले वेढे सैल आणि बाहेरचे घट्ट असले की बाहेरचा दोरा आतल्या थरात रुततो. मग सुटताना हिसका बसतो. तुमचं 'आवळतो, मग सैल सुटतो' हे तेच वाटतं. चकतीतून न घेता बोटांत धरून दोरा भरायची पुष्कळांना सवय असते, पण बोटाचा ताण प्रत्येक फेऱ्याला बदलतो. पहिल्या वेढ्यापासून दोरा चकतीतूनच येऊ द्या.

मोटर आहे म्हणता, तर भरताना पाय हलका ठेवा. पॉलिस्टरचा दोरा वेगाने आणि ताणून भरला की तो लांबतो, आणि शिवल्यावर परत आखडतो. टीप चांगली दिसते पण कापडाला चुण्या पडतात. सुती वाकळीला सुती दोरा घालत असाल तर हा त्रास कमी.

धागाकर्तीचा प्रतिसाद

निपाणीच्या काका, चकती सरकवली! ढीग जवळजवळ गेला, आता दोरा सपाट बसतो. चकत्यांच्या मधून लवेची चांगली गोळी निघाली. वडगावच्या दादांचंही पटलं. हळू भरलेली बॉबिन शेवटपर्यंत एकसारखी सुटते.

तरी काही बॉबिनच भरताना थरथरतात, बाकीच्या नाहीत. घसरणं आणि न सुटणं तसंच आहे.

निपाणीहून प्रतिसाद

थरथरणाऱ्या बॉबिन बाजूला काढून दुसऱ्यांशेजारी उभ्या करा की. काळ्या मशीनची बॉबिन साधारण ११.५ मिमी उंच असते, कारखान्यातल्या हायस्पीड मशीनची जवळपास ९ मिमी. व्यास दोन्हींचा सारखाच दिसतो, म्हणून दुकानात एकाच डब्यात मिसळतात. बुटकी बॉबिन केसमध्ये खालीवर होते, तिने टीप कधीच नीट येणार नाही. उंची बरोबर असूनही थरथरत असेल तर कड वाकली आहे, ती टाकून द्या.

आता घसरण. कोरड्या फडक्याने चाकाची कड आणि रबर दोन्ही पुसा. मशीनला तेल घालताना ते कडेवर ओघळतं आणि नवीन रबरसुद्धा घसरतं. तेल फक्त वाइंडरच्या दांडीच्या भोकात, एकच थेंब. तरीही घसरलं तर वाइंडर ज्या स्क्रूने अंगाला बसवलेला आहे तो ढिला करा. तिथलं भोक लांबट असतं, वाइंडर चाकाकडे थोडा सरकतो. रबर चाकाला टेकून फिरलं पाहिजे, दबून चपटं होता कामा नये. जास्त दाबलंत तर मशीनवर ओझं येतं आणि रबर लवकर झिजतं.

न सुटण्याचं कारण बॉबिनच्या दोन कडांमध्ये जाणारी ती लहान पट्टी. दोरा भरत आला की तो पट्टीला ढकलतो, पट्टी खिटी सोडते आणि वाइंडर वर उडतो. पट्टीजवळ एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की पट्टी आत किंवा बाहेर जाते, म्हणजे किती भरल्यावर सुटायचं ते ठरतं. कडेपासून थोडी जागा राहील असं ठेवा. काठोकाठ भरलेली बॉबिन केसमध्ये घासते. पूर्वी दोरा एका बाजूलाच चढत होता, तो पट्टीपर्यंत पोचतच नसेल. आता सपाट भरतोय तर कदाचित स्क्रूला हात न लावताही सुटेल.

बेळगावहून, वडगाव भागातून प्रतिसाद

भरताना सुई वरखाली होते का? चाकाच्या मधला मोठा गोल स्क्रू ढिला केला तरी सुई हलत असेल, तर रिपेरीच्या वेळी आतला वायसर उलटा बसला असेल. स्क्रू काढून वायसर अर्धा फेरा फिरवून घाला. सुई बंद ठेवून भरलं तर मोटरवरचा भार कमी होतो आणि वेग हातात राहतो.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सुई हलत नाही, ते ठीक आहे. चाक पुसलं आणि वाइंडर किंचित सरकवला, रबर आता धरतं. पट्टीचा स्क्रू मात्र थोडा फिरवावा लागला, पण आता खट् करून सुटतो. बुटक्या बॉबिन वेगळ्या पिशवीत बांधून ठेवल्या.

शेवटचं एक विचारते. आमच्याकडे पाऊस लांबतो, मशीन आठवडे-आठवडे झाकून राहतं. रबर टिकण्यासाठी काय करावं?

निपाणीहून प्रतिसाद

भरून झाल्यावर वाइंडर वर उचललेलाच राहू द्या. चाकाला टेकून राहिलं की त्या जागी रबर चपटं होतं आणि पुढच्या वेळी प्रत्येक फेऱ्याला धक्का देतं. नवीन आणायला जाताना जुनं रबर बरोबर न्या, आतलं भोक जुळवूनच घ्या. ढिलं रबर लोखंडी चाकावरच फिरत राहतं.